चौदा सह्या, शून्य अणू

शोधनिबंधावर नाव घालायला विद्वान मंडळी किती तत्पर असतात! आणि निबंध खोटा निघाला की तीच मंडळी किती चपळाईने पांगतात!

1999 साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने द्वाही फिरवली: 118वे मूलद्रव्य सापडले! शिशावर क्रिप्टॉनचा मारा केला, तीन अणुकेंद्रे घडली, प्रत्येकाने एकापाठोपाठ सहा अल्फा कण फेकले. निबंधावर नावे पंधरा. मूळ नोंदींतून या साखळ्या शोधून काढणारा मात्र एकटा व्हिक्टर निनोव्ह. चौकशी समितीने पुढे ठरवले की त्यानेच त्या रचल्या. त्याने आरोप नाकारला. पण बाकीचे चौदा जण काय करत होते?

हा गुन्हा किती मोठा, ते पाहा. अतिजड अणुकेंद्राचा अल्फा-ऱ्हास हाच त्याचा जन्मदाखला. मिलिसेकंदभर जगणारी वस्तू चिमट्यात धरून कोण दाखवणार? ती सिलिकॉनच्या शोधकात रुतते, तिथेच अल्फा कण सोडते. उरलेले केंद्र पुढचा सोडते, मग त्याच्या पुढचा. जागा, ऊर्जा आणि वेळ जुळली तरच साखळी खरी. यात निसर्ग कुणाची गय करत नाही. थोरियम-232च्या अल्फा कणाची ऊर्जा सुमारे 4 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, अर्धायुष्य 1400 कोटी वर्षे. पोलोनियम-212च्या कणाची 8.8, अर्धायुष्य 0.3 मायक्रोसेकंद. ऊर्जा जेमतेम दुप्पट, आयुष्यात चोवीस शून्यांचा फरक! गॅमो या भौतिकशास्त्रज्ञाने 1928 मध्ये पुंजयामिकीतून याचे कारण सांगितले. इतक्या काटेकोर शास्त्रात हे पंडित डोळे मिटून सह्या ठोकतात!

जर्मनीत, फ्रान्समध्ये, जपानमध्ये 118 कुणालाच दिसेना. बर्कलीतही पुन्हा दिसेना. 2001 मध्ये निनोव्हने आणखी एक साखळी काढून दाखवली, तेव्हा कुठे सहकाऱ्यांना मूळ फायली उघडण्याची बुद्धी झाली. फायलींत ती नव्हतीच. दोन वर्षे गेली होती! सबब काय, तर विश्लेषणाची संगणकप्रणाली त्यालाच नीट येत होती. अहो, मग शिकायची होती! पृथ्वीवर कुणी न पाहिलेले मूलद्रव्य हाती लागल्याचे जगाला सांगता आणि एक प्रणाली शिकत नाही?

मूर्खपणाचा कळस पुढेच आहे. निनोव्ह आधी जर्मनीत दार्मश्टाटला होता. तिथल्या 110 आणि 112 या मूलद्रव्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर त्यांतही एकेक बोगस साखळी निघाली. आणि ती दोन्ही मूलद्रव्ये खरी आहेत, इतर साखळ्यांनी सिद्ध झालेली! म्हणजे खोट्याची तिथे गरजही नव्हती.

118 सुद्धा खरेच आहे. रशियात दुब्ना इथे अमेरिकी सहकाऱ्यांसह कॅलिफोर्नियमवर कॅल्शियम-48चा मारा करून ते घडवले गेले. 2006 मध्ये तीन साखळ्या प्रसिद्ध झाल्या, मान्यता 2015च्या अखेरीस मिळाली आणि 2016 मध्ये ओगानेसन हे नाव. खऱ्या कामाला इतका वेळ लागतो.

निनोव्हची नोकरी गेली, ते योग्यच. पण न पाहता सही करणारा माझ्या लेखी त्या खोट्याचा भागीदार आहे. वाचकहो, उद्या कुणी निबंधावरची नावे मोजून दाखवू लागला, तर त्याला एवढेच विचारा: मूळ नोंदी यांतल्या किती जणांनी उघडल्या?