तुम्ही काय दाबलंत?

मैत्रिणींनो, घरातलं यंत्र बिघडलं की पहिला संशय कुणावर? आपल्यावर! मिक्सर असो वा लॅपटॉप, "तू काय दाबलंस?" हा प्रश्न ठरलेलाच.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर माझ्यावर हीच पाळी आली. फराळाच्या मागण्या, उधारी, सगळा हिशेब माझ्या लॅपटॉपमध्ये. एके रात्री कंपनीनेच पाठवलेलं 'अपडेट' मी होऊ दिलं. सकाळी पाहते तो काय, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतोय आणि झाकण मिटून उघडलं की पडदा काळाठिक्कर!

कंपनीला फोन केले. दरवेळी नवा माणूस, दरवेळी पहिल्यापासून रामकहाणी. "मॅडम, तुमच्याकडूनच काहीतरी झालं असेल. विंडोज पुन्हा टाका." टाकलं. फरक शून्य. मग म्हणे, वॉरंटी संपलीय, मदरबोर्ड बदला! खरं सांगते, त्या रात्री रडू आलं. पैशांपेक्षा 'बाईमाणसाला यातलं काय कळतं' हा सूर जास्त बोचला.

शेवटी भाच्याने उलगडून सांगितलं. लॅपटॉप सुरू करताच विंडोजच्याही आधी जी आज्ञावली जागी होते, ती फर्मवेअर. तिलाच बायॉस म्हणतात. पंखा, झोप, जाग बऱ्याच अंशी तिच्या हाती. आता सांगा, शेगडीचा बर्नरच बिघडला तर भाजी बदलून काय होणार? अपडेटआधीचा आणि नंतरचा आवृत्ती क्रमांक, तारखा, तक्रार क्रमांक असं सगळं लिहून मी कंपनीला ईमेल केली. अकरा दिवसांनी उत्तर आलं: दोष नव्या आवृत्तीत आहे, जुनी परत टाका. पंखा गप्प! मदरबोर्ड होता तिथेच आहे.

तुम्ही मात्र एवढं सांभाळा:

१. अपडेटआधी हिशेब, फोटो पेनड्राइव्हवर उतरवा. बायॉस बदलल्यावर कधी कधी विंडोज ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतं. ती आधीच वहीत लिहून ठेवा.

२. बायॉसचं अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये. चार्जर लावा, बॅटरी भरलेली ठेवा, मध्येच बंद करू नका. लॅपटॉप नीट चालत असेल तर चार दिवस थांबलात तरी चालेल. पण सुरक्षेसाठीचं अपडेट लांबवू नका.

३. जुनी आवृत्ती प्रत्येक मॉडेलवर परत टाकता येतेच असं नाही. आधी कंपनीला विचारा. मदतीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. भलत्याच नंबरवर भामटे बसलेले असतात.

४. फोनवर बोललात तरी तेच लेखी कळवा.

५. तरीही दाद नाही? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

आणि हो, पुन्हा कुणी "तुम्ही काय दाबलंत?" विचारलं, तर वही उघडा आणि शांतपणे तारीख वाचून दाखवा. माझा अनुभव आहे, पलीकडचा आवाज लगेच मऊ होतो!