मनोऱ्याची वाट किती दिवस पाहायची?



कापूस घरात येऊन पडला की शेतकऱ्याचे अर्धे काम फोनवर असते. आर्वीला भाव काय निघाला, जिनिंगवर गाड्या किती लागल्या, वेचणीला बाया उद्या येणार की परवा, हे सगळे फोनवर ठरते. रात्री कोणाला पान लागले तर १०८ ची गाडीही फोनवरच बोलवावी लागते. आणि हा फोन लावायला माणूस घराबाहेर पडून अंगणात, नाही तर माळवदावर जाऊन उभा राहतो. टेकडीच्या आड मनोऱ्याच्या लहरी नीट पोचत नाहीत. पोचल्या तरी मातीच्या जाड भिंतीत आणि टिनपत्र्याखाली त्या मरतात. आष्टीसारख्या चढउताराच्या तालुक्यात हे कोणाला वेगळे सांगायला नको.

सरकारचा सगळा कारभार मात्र याच फोनवर येऊन बसला आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून फोनवर आली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी हवी, मालाची तारीखही त्यावरच घ्यायची. फोन वापरण्याची सक्ती शेतकऱ्यावर आणि फोन लागण्याची सक्ती कोणावरच नाही, हा कुठला न्याय?

या रोगावर एक साधे औषध निघाले आहे. त्याचे नाव वायफाय कॉलिंग. घरात किंवा शेजारी तारेचे इंटरनेट असेल तर फोन मनोऱ्याऐवजी त्या तारेवरून बोलतो. नंबर आपला तोच, सिम तेच. समोरच्याकडे वायफाय नसले, साधा बटणाचा फोन असला, तरी चालते. व्हॉट्सॲपवर बोलायला दोन्हीकडे व्हॉट्सॲप लागते. अडत्याचा, बँकेचा, दवाखान्याचा साधा नंबर त्यावरून लागत नाही. वायफाय कॉलिंगवर लागतो. त्यासाठी हँडसेटमध्ये सोय हवी आणि सेटिंगमध्ये सिमच्या पानावर ती एकदा चालू करावी लागते. कंपन्या त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत.

ही सोय आपल्याला इतक्या उशिरा का मिळाली? इंटरनेटवरून बोलायला देशात १ एप्रिल २००२ ला परवानगी मिळाली, पण कशी? मुंबईतला माणूस संगणकावरून अमेरिकेतल्या फोनवर बोलू शकत होता. त्याच संगणकावरून आष्टीतल्या फोनवर बोलायला बंदी! तंत्र तेच, तार तीच. देशातल्या कॉलवर ज्यांची कमाई होती त्यांचे कुंपण तेवढे राखले गेले. कापूस एकाधिकारात आपण हेच भोगले. सीमेपलीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी आपलाच कापूस तिकडे नेणे गुन्हा होता. इंटरनेट आणि देशातला साधा फोन यांच्यामधली भिंत सरकारने २०१८ मध्ये पाडली. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने, जानेवारी २०२० मध्ये जिओने वायफाय कॉलिंग सुरू केले. खेड्यांसाठी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते त्या सरकारी बीएसएनएलने देशभर ही सोय जाहीर केली ती जानेवारी २०२६ मध्ये.

औषधाचे पथ्यही सांगितले पाहिजे. वायफाय घरापुरता असतो, धुऱ्यावर पोचत नाही. वीज गेली की राउटर बंद, आणि आपल्याकडे वीज कधी जाते याचे वेळापत्रक नसते. राउटरला वीज फार थोडी लागते. छोट्या बॅटरीवर तो काही तास चालतो, एवढी तजवीज ठेवावी. शिवारात मनोरा लागेलच, ती मागणी सोडायची नाही. पण मनोरा येईपर्यंत घरात मुके बसण्याचे कारण नाही.

आता तारेचा प्रश्न. गावोगावच्या पंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. २०२३ मध्ये सुधारित योजनेसाठी १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा कमी नाही. पण तार पंचायतीच्या कपाटात येऊन थांबली, रस्त्याच्या कामात तुटली आणि महिनोन्‌महिने जोडलीच नाही, तर शेतकऱ्याला तिचा उपयोग काय? कालव्याचे पाणी चारीपर्यंत आले आणि वावरात उतरलेच नाही, त्यातला हा प्रकार.

तार घरापर्यंत नेण्याचे काम गावातला पोरगाही करू शकतो. डिसेंबर २०२० च्या पीएम-वाणी योजनेप्रमाणे किराणा दुकानदार, चहावाला, कोणीही सार्वजनिक वायफाय विकू शकतो. त्याला परवाना नको, नोंदणी नको, शुल्क नको. अशा दुकानदाराला कंपन्या महागडी व्यापारी जोडणी घ्यायला लावत होत्या. जून २०२५ मध्ये ट्रायने त्यालाही लगाम घातला. २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही.

खर्चाचेही पाहू. ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमाने प्रत्येक कंपनीला फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवावाच लागतो. घरात वायफाय घेतला तर जो माणूस बाहेर इंटरनेट वापरत नाही त्याने रोजच्या डेटाचे पैसे का भरावे? नाही तर वायफायचे बिल वेगळे आणि न लागणाऱ्या मनोऱ्याचे वेगळे, असे दुहेरी ओझे पडेल.

तेव्हा जिल्हा बैठकीत तीन गोष्टींची मागणी व्हावी. एक, पंचायतीतली तार चालू आहे की बंद, बंद असल्यास केव्हापासून, हे पंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लिहावे. दोन, ती तार वापरून घरोघरी जोडणी द्यायला गावातला जो तयार असेल त्याला अडवू नये. तीन, कापूस खरेदी केंद्रावर आणि बाजार समितीच्या आवारात वायफाय असावा. जिथे ॲपची सक्ती, तिथे जोडणी देण्याची जबाबदारी सक्ती करणाऱ्याची.

फुकट काही मागायचे नाही. वापरू तेवढ्याचे पैसे मोजू. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलचा कापसाचा भाव तारेने यायचा तो व्यापाऱ्याच्या पेढीवर, आणि शेतकऱ्याला कळायचा तो पेढी सांगेल तेवढाच. आज तार पंचायतीपर्यंत आली आहे. ती घरात आणायला पुन्हा कोणा पेढीवाल्याच्या मर्जीची वाट पाहायची नाही.