कृपा ही उचल नव्हे

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात 'उचल' या शब्दाचा अर्थ कुणाला कोशात पाहावा लागत नाही. पावसाळा सरता सरता मुकादम पाड्यावर येतो, हातावर रक्कम ठेवतो, आणि दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे कोयते, भांडीकुंडी व लेकरे घेऊन गुजरातेतील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. घेताना ती रक्कम मदत वाटते. पण ती फिटेपर्यंत घेणारा स्वतःचा राहत नाही. जे देताना वसुली मनात धरलेली असते, ती उचल.

ख्रिस्ती धर्मविचारात 'कृपा' हा शब्द नेमका याच्या उलट टोकाला उभा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा दृष्टान्त आहे. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात रिकाम्या उभ्या असलेल्यांनाही बोलावतो आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखीच, पूर्ण दिवसाची मजुरी ठेवतो. सकाळपासून उन्हात राबलेले कुरकुरतात, हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्याला दिवसभर कोणी कामावर बोलावले नाही, त्याच्या घरची चूल काही एका तासाची नसते! त्या धन्याने काम मोजले नाही, गरज पाहिली. येशूच्या मते देवाचे राज्य या धन्यासारखे आहे. तिथे मिळते ते कमाईने नव्हे, आणि म्हणूनच त्याची वसुलीही नाही.

हे सारे आज मांडण्याचे कारण असे, की धर्मांतराचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडे आवाज ताबडतोब चढतात. 2011 च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे 69 माणसे अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा समाजांतील काही कुटुंबे ख्रिस्ती झाली आहेत. एक पक्ष म्हणतो, हे सगळे आमिषाचे फळ; दुसऱ्या पक्षातले काही उत्साही लोक किती जणांचा बाप्तिस्मा झाला याचे आकडे सांगण्यात रमतात. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक. पण दोघांचीही भाषा हिशेबाचीच आहे. कृपेचा मात्र दोघांनाही विसर पडतो. माझे म्हणणे एवढेच, की देवाची कृपा जर विनामूल्य असेल, तर तिच्या नावाने केलेले स्वागतही विनामूल्यच असले पाहिजे; नाहीतर ते स्वागत नव्हे, उचल होय.

महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाची चर्चा फार पूर्वी झाली आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात कोणाच्या धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या खोलीचे दार उघडे असे आणि काही मुली तिथे जाऊन बसत. यावरून 1893 साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उघडे दार हे निमंत्रण की आमिष, हा त्या वादाचा गाभा होता, आणि तो प्रश्न अजूनही शिळा झालेला नाही.

पुढे दुष्काळात रमाबाईंनी मध्य भारतातून शेकडो अनाथ मुली केडगावला आणून जगवल्या. येथे टीकाकाराचा प्रश्न प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. भुकेल्या मुलीला भाकर देणे हे थोर कर्म खरे. पण जो हात भाकर देतो, त्याच्या धर्माला 'नाही' म्हणण्याचे बळ तिच्या अंगी उरते काय? माझ्या मते कसोटी एकच : 'नाही' म्हटल्यावरही दुसऱ्या दिवशी भाकर तशीच मिळते काय? मिळत असेल तर ती कृपा. थांबत असेल तर ती उचल.

या संदर्भात रमाबाईंनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे, ते फार मोलाचे आहे. बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, परंतु ख्रिस्त सापडायला पुढे आठ वर्षे लागली, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. संस्कृतात पारंगत असलेल्या विदुषीला जर आठ वर्षे लागतात, तर सभेच्या एका रात्रीत पाडाच्या पाडा पाण्यात उतरवण्याची घाई कशासाठी?

दुसरे उदाहरण रेव्हरंड टिळकांचे. नारायण वामन टिळक 1895 च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले आणि घरावर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळेओवळे सांभाळूनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हा विचार लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्या स्वतःच्या गतीने पिकला, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे. टिळकांनी अभंग व कीर्तन ही आपल्या मातीची भाषा सोडली नाही. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' स्थापला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. याला म्हणावे स्वागत!

आपल्या जिल्ह्यातही याचा दाखला आहे. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनऱ्यांनी सुरू केले. सर्पदंश झालेला माणूस असो की अडलेली बाळंतीण, ताप काही धर्म विचारून येत नाही. औषधानेही तो विचारू नये.

कायद्याची भूमिकाही लक्षात घेण्यासारखी आहे. घटनेच्या 25 व्या कलमाने प्रत्येकाला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार दिला. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितले, की आपली तत्त्वे सांगण्याचा अधिकार आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा नाही. कित्येक ख्रिस्ती विचारवंतांना हा निर्णय खटकला. परंतु कृपेच्या सिद्धान्ताप्रमाणेही माणूस माणसाचे अंतःकरण पालटू शकत नाही. तो फार तर दार उघडे ठेवू शकतो.

मात्र या नाण्याला दुसरी बाजू आहे. ज्याने पूर्ण विचाराने नवी वाट धरली, त्याची सदसद्विवेकबुद्धीही त्याच कलमाने राखली आहे. अशा कुटुंबाचे विहिरीवरचे पाणी तोडणे, त्याच्या मयताला खांदा न देणे, त्याच्या शेतात कोणी राबू नये असा ठराव करणे, ही धर्मरक्षा नव्हे. महाराष्ट्राने 2016 साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नाही. आमिषाने माणूस आत ओढणे आणि धाकाने त्याला आत कोंडून ठेवणे, या दोन्हींत त्याच्या मनाला किंमत शून्यच.

आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाही एक विनंती. नवी प्रार्थना शिकताना मावची-पावरी बोली विसरू नका. जुन्या देवाच्या पूजेला उभे राहणे तुमच्या मनाला पटत नसेल, तर न राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण भावाच्या पेरणीला, शेजाऱ्याच्या दुखण्याला आणि गावच्या मयताला पाठ फिरवण्याची आज्ञा तुमच्या शास्त्रात नाही. ज्याला न मागता भरभरून मिळाले, त्याने तर अधिकच वाकून चालावे.

मुकादम देताना वही उघडतो. द्राक्षमळ्याच्या धन्याने मात्र उशिरा आलेल्याला उशीर का झाला म्हणून दटावले नाही, की उद्या त्याने आपल्याच मळ्यात यावे अशी अट घातली नाही. देवाच्या नावाने जो कोणी, कोणत्याही धर्माचा, आपल्या पाड्यावर येईल, त्याच्या हाती वही आहे की नाही, तेवढे पाहावे.