खारे पाणी आणि बेडकांचा हिशेब

घोडेगावच्या बाजारात कांद्याचा भाव उतरला, तर त्याची वार्ता सायंकाळपर्यंत नेवासे तालुक्यात घरोघर पोहोचते. पावसाळी रात्री ओढ्याकाठचे बेडूक गप्प झाले, तर त्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात होत नाही.

बेडकाची कातडी हे नुसते आवरण नव्हे. तो पाणी शोषतो तो तिच्यातूनच. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बेडकाच्या रक्ताचा खारेपणा त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतका. भोवतालचे पाणी याहून खारट झाले, की अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. मोठा बेडूक उडी मारून दुसरे डबके गाठील. परंतु कवच नसलेली अंडी आणि शेपटीची पिल्ले यांनी कोठे जावे? आग्नेय आशियातील खारफुटीत राहणारा खेकडेखाऊ बेडूक शरीरात युरिया साठवून तग धरतो खरा, पण तो अपवाद होय.

पेण-अलिबागकडील खारभूमीत हा प्रश्न उघड दिसतो. १९७९ मध्ये राज्याने खारभूमी विकासाचा कायदा केला. तरीही बांधाला खांड पडली, की भरतीचे पाणी शेतात शिरते आणि समुद्राची पातळी तर वाढतेच आहे. पंचनामा होतो तो भाताचा. त्याच खाचरात वाढणाऱ्या आणि भातावरील किडे फुकट खाणाऱ्या बेडकांचा रकानाच त्या कागदात नाही! बेडकाला किंमत होती ती त्याच्या तंगड्यांना. त्यांची निर्यात परकीय चलनाच्या मोहापायी वर्षानुवर्षे चालली आणि १९८७ मध्ये सरकारला ती बंद करावी लागली.

घोडेगावला समुद्र नाही, म्हणून निश्चिंत राहता येईल काय? मुळेच्या उजव्या कालव्याने या तालुक्यात ऊस आणला. काळ्या जमिनीला पाणी भरपूर आणि निचरा अपुरा, अशी स्थिती असली की भूजल वर चढते, उन्हाने उडून जाते व क्षार मागे ठेवते. जमीन खारवट, चोपण होते. तिच्यातून झिरपलेले पाणी ओढ्यांत उतरते. खांड पडल्याचा गलबला होतो. ही खार आवाज न करता येते. म्हणूनच निचऱ्याचे चर हे 'पुढे पाहू' म्हणून ठेवण्याचे काम नव्हे. कालव्याच्या आवर्तनाबरोबरच त्यांच्या दुरुस्तीचा पैसा दरवर्षी मंजूर झाला पाहिजे, आणि ओढ्याच्या पाण्याची क्षारपरीक्षा पावसाळ्याच्या तोंडी, बेडकांची अंडी पडण्याच्या वेळीच झाली पाहिजे.