घडणावळीचा हिशेब

चांदीचा भाव चढू लागला की सराफांच्या पेढीवर दोन तऱ्हेची माणसे दिसू लागतात. भाव आणखी चढेल या आशेने नाणी व लगडी विकत घेणारी ही एक तऱ्हा, आणि घरातील जुनी चांदी विकावयास आणणारी ही दुसरी. २०२५ साली हा भाव किलोमागे दीड लाख रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा अनेक घरांतील कपाटांकडे नव्या नजरेने पाहिले जाऊ लागले असल्यास नवल नाही. अशा वेळी पिशवीतून निघते काय? क्वचित पैंजण, क्वचित मुलांचे वाळे; परंतु पुष्कळदा आजीच्या पूजेतील निरांजन, कडेला चेपलेले ताम्हन, दांडी सैल झालेली पळी, झाकण हरवलेला करंडा. दुकानदार ती वस्तू तराजूत टाकतो, कस पाहतो, आटणीतील घट वजा करतो आणि रक्कम सांगतो. त्या निरांजनाच्या कडेवर ज्याने कमळाच्या पाकळ्या उठविल्या, त्याच्या श्रमाचा आकडा या हिशेबात शून्य असतो. सराफीच्या भाषेत ती वस्तू म्हणजे नुसती ‘मोड’.

यात दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. जुने निरांजन त्याच्याकडून जुने म्हणून विकत घेणारे गिऱ्हाईक त्याला मिळत नाही; चांदी वितळविणे एवढाच मार्ग त्याच्यापुढे असतो. दोष असलाच तर तो आपण ही वस्तू मुळात कोणत्या दृष्टीने घेतो त्यात आहे. लग्नामुंजीत आहेर म्हणून समईची जोडी घेताना आपण आधी वजन विचारतो, मग भाव विचारतो, आणि घडणावळीचा प्रश्न मात्र दंडाची रक्कम विचारावी अशा सुरात विचारतो. ती कमी करून घेण्यात चातुर्य मानले जाते. वस्तुतः घडणावळ ज्याची दिली तेवढेच निरांजन असते. बाकीची नुसती चांदी.

ही घडण म्हणजे काय, याची कल्पना शहरी मध्यमवर्गास आता फारशी उरलेली नाही. शुद्ध चांदी इतकी मऊ की तिच्या ताम्हनाची कड हाताने वाकेल. म्हणून तीत थोडे तांबे मिसळतात. मुशीतील रस ओतून केलेली लगड ठोकून पत्रा काढावयाचा. ठोकता ठोकता धातू ताठर होतो, तो तापवून पुन्हा मऊ करावयाचा आणि पुन्हा ठोकावयाचा. येथे घाई झाली तर पत्र्याला चीर जाते आणि काम मुशीपासून आरंभावे लागते. ताम्हनाचा खोलगटपणा वर्तुळात पडत जाणाऱ्या हातोडीच्या घावांनी येतो. दोन घावांतील अंतर चुकले की पृष्ठभागावर लाट उठते. नक्षीकरिता पत्रा राळेच्या थरावर बसवून पाठीमागून उठाव काढतात, मग पुढून बारीक टोकाच्या छिन्न्यांनी पाकळीची रेष आणि पानाची शीर उमटवितात. अखेरीस बैठक, दांडा आणि वाटी यांची जोडणी. टाकणखार लावून, वस्तूच्या चांदीहून कमी उष्णतेला वितळणारा डाग देतात. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला, तांबे मिसळलेली काहीशी आधीच. तेव्हा फुंकणीची ज्योत क्षणभर अधिक रेंगाळली तर डागाबरोबर वाटीही वाहून जाते. हे तापमान कारागीर कोणत्याही यंत्राने मोजत नाही. धातूचा बदलता रंग पाहून तो हात मागे घेतो.

शिवाय ही वस्तू केवळ शोभेची नाही. चांदी उष्णता इतर सर्व धातूंहून लवकर वाहून नेते. फुलवात पेटली की तूप लवकर पातळ होते हा तिचा गुण, आणि वाटी तितकीच लवकर तापते हा तिचा उपद्रव. म्हणून वाटीखाली दांडा हवा, बैठक रुंद हवी, आणि तबकात ओवाळताना कलंडणार नाही इतपत वजन खाली हवे. जुन्या निरांजनाचा घाट डोळ्यांना सुखावतो, कारण तो आधी हाताला सोयीचा आहे. अभिषेकाच्या पंचामृतालाही तांब्याचे भांडे चालत नाही. दह्याच्या आंबटपणाने तांबे कळकते. तेथे चांदीच्या वाटीचे प्रयोजन निव्वळ श्रीमंतीचे नाही.

धर्मशास्त्राचा आधार घेऊन चांदीचे माहात्म्य सांगणाऱ्यांनी मात्र थोडे जपून राहावे. मत्स्यपुराण चांदीला शिवाच्या नेत्रापासून उत्पन्न झालेली आणि पितरांना प्रिय अशी म्हणते, आणि त्याच दमात देवकार्यात ती वर्ज्य करावी असेही सांगते. म्हणजे श्राद्धात चांदी हवी, देवपूजेत नको! लोकव्यवहाराने हा निषेध केव्हाच बाजूला सारला आणि देव्हाऱ्यापासून पळीपर्यंत सर्व काही चांदीचे केले. मनुस्मृतीतील एक बारकावा याहून उद्बोधक आहे. उष्टे-खरकटे न लागलेले सोन्याचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते असे सांगताना तेथे चांदीच्या भांड्याचाही उल्लेख येतो, पण ते भांडे नक्षी नसलेले असावे अशी अट घालून. नक्षीच्या खाचेत मळ साठतो, हे स्मृतिकारास ठाऊक होते. आणि चिंच व रिठे घेऊन दसरा-दिवाळीला ही उपकरणी उजळीत बसणाऱ्या घरोघरच्या स्त्रियांना तर ते कोणी सांगावयास नकोच.

चांदी वितळविणे हे पाप आहे असे येथे सुचवावयाचे नाही. आपल्याकडची बरीचशी जुनी चांदी मुळात काही तरी वितळवूनच झालेली आहे. इंग्रजी अमदानीतील रुपया एक तोळा वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा होता. १९४० साली सरकारने चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले. त्यापूर्वीचे रुपये सोनाराच्या हाती देऊन त्यांची भांडी करून घेणे ही जाणती गुंतवणूक होती, कारण कसाबद्दल शंकाच नव्हती. झिजलेले टाक नवे करताना जुने सोनाराकडे देण्याची रीतही जुनीच. पण तेव्हा मोड गावातच राहत असे. ज्या पेठेत वस्तू मोडली जाई त्याच पेठेत दुसरी घडत असे, आणि घडविणाऱ्याच्या हाताला काम राही. आज मोडीची लगड होऊन ती कोठल्या कोठे जाते. जगातील चांदीच्या मागणीपैकी निम्म्याहून अधिक वाटा आता उद्योगांचा आहे आणि त्यात सौर विजेच्या पट्ट्यांचा हिस्सा मोठा आहे. आजीच्या निरांजनाची चांदी तेथे पोहोचली तर ती प्रकाशाच्याच कामी आली असे विनोदाने म्हणता येईल. कारागिराला त्या विनोदाचा उपयोग नाही.

कारागिराची स्थिती पाहावयास फार लांब जावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या कामावर, विशेषतः पैंजणांवर उभे राहिले. तेथे आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी हे काम चालत आले आहे. नाशिकची ख्याती पूजेच्या उपकरणांसाठी आहे. या धंद्याला आग्रा, राजकोट आणि सेलम येथील मालाशी टक्कर द्यावी लागते, आणि सगळ्यांनाच यंत्रावर दाबून काढलेल्या मालाशी. यंत्राचा द्वेष करण्याचे कारण नाही. पातळ पत्र्याचे दाबीव निरांजन निघाले म्हणून तर शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरी चांदीचे निरांजन आले. तक्रार एवढीच की दोन्ही वस्तू एकाच काचेखाली, एकाच भावाच्या पाटीखाली ठेवल्या जातात आणि कोणती कोणत्या रीतीने झाली हे विचारल्याखेरीज कळत नाही. पुष्कळदा विचारूनही कळत नाही.

त्याशिवाय फसगतीच्या वाटा आहेतच. देव्हारा म्हणजे लाकडावर मढविलेला पत्रा; पोकळ दांड्यात लाख भरलेली असू शकते; आणि ‘जर्मन सिल्व्हर’ या भारदस्त नावाच्या धातूत तर तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी औषधालाही नसते. भारतीय मानक ब्यूरोने चांदीसाठी शुद्धतेचा छाप २००५ साली आणला, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक नगास स्वतंत्र ओळखक्रमांक देणारी पद्धत ऐच्छिक स्वरूपात सुरू केली. हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या छापाने चांदीचा कस कळतो, हाताचा कस कळत नाही. करीमनगर आणि कटक येथील चांदीच्या तारकामाला भौगोलिक मानांकन मिळाले. तेही गावाचे नाव राखते, घडविणाऱ्याचे नाही.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील दिव्यांचा संग्रह पाहून प्रत्येक जण थक्क होतो. १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झालेला हा ठेवा एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासातून उभा राहिला. पितळी लामणदिवे मोडीत विकून फारसे काही हाती येत नाही, म्हणून ते वाड्यांच्या माळ्यांवर पडून राहतात आणि एखाद्या केळकरांच्या हाती लागू शकतात. चांदीचा दिवा माळ्यावर पडत नाही. घरात आजारपण आले, मुलाचे शिक्षण आले की सर्वांत आधी तोच बाहेर पडतो. त्याबद्दल त्या कुटुंबाला कोणी बोल लावू नये. पैशाची निकड ही खरी निकड असते. मात्र मोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून घाट, वजन आणि ठाऊक असल्यास घडविणाऱ्याचे नाव लिहून ठेवावयास काही खर्च येत नाही. महाविद्यालयातील कला आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या पेठेत हे काम हाती घेतले, तर दोन-चार वर्षांत चांगली नोंदवही तयार होईल.

गिऱ्हाइकाच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. चांदी घेताना पावतीवर चांदीचे निव्वळ वजन, तिचा अंश आणि घडणावळ या तीन बाबी वेगळ्या लिहून मागाव्यात, लाख किंवा लाकूड असेल तर त्याचे वजन वजा करून घ्यावे, आणि वस्तू हाताने घडविली की यंत्रावर दाबली तेही लिहावयास लावावे. हातकामाची घडणावळ अधिक पडेल. ती द्यावी, आणि ज्याने काम केले त्याला आपले चिन्ह बैठकीच्या तळाशी उमटविण्यास सांगावे. तेथे जागा भरपूर असते.