दोन ठिकाणी राबणाऱ्याची भरपाई एकाच पगारावर का?

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या येतात. त्याच सुमारास बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बिऱ्हाड घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतात. जे गावात राहतात त्यांचेही एका कामावर भागत नाही. यात्रेत मांडव ठोकणारा माणूस एरवी कुणाच्या शेतात रोजंदारीला असतो. दिवसा दुकानाचा माल उतरवणारा रात्री मांजरसुंब्याच्या चौकातल्या ढाब्यावर भट्टीसमोर उभा असतो. कोरडवाहू जमीन आणि पावसाचा भरवसा नसलेल्या या बालाघाटात दोन-तीन ठिकाणी राबणे हा कुणाचा हौसेचा मामला नाही. त्याशिवाय चूल पेटत नाही.

अशा माणसाचा अपघात झाला तर त्याला भरपाई किती मिळते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीस वर्षांचा एक तरुण ढाब्यावर महिना ९,००० रुपये कमावतो आणि एका दुकानाचा माल उतरवून ६,००० रुपये. घरात येतात १५,०००. एके दिवशी माल उतरवताना त्याचा हात चिरडतो आणि तो मनगटापासून काढावा लागतो. आता तो माल उतरवू शकत नाही आणि भट्टीही सांभाळू शकत नाही. कमाई दोन्हीकडची बुडाली. पण भरपाईचा हिशेब होतो तो दुकानाच्या ६,००० रुपयांवर.

हिशेब असा. कायम अपंगत्वासाठी मासिक वेतनाचे ६० टक्के धरून त्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. तिसाव्या वर्षी हा गुणक २०७.९८ आहे. अपंगत्व अंशतः असेल तर आलेल्या रकमेचा तेवढाच भाग मिळतो. एक हात गमावल्यास परिशिष्टात ६० टक्के नुकसान धरले आहे. ६,००० रुपयांवर ही रक्कम सुमारे ४ लाख ४९ हजार होते. १५,००० रुपयांवर तीच ११ लाख २३ हजार झाली असती. हात तोच, घर तेच, तरी पावणेसात लाखांचा फरक.

याचे मूळ १९२३ च्या कामगार नुकसान भरपाई कायद्यात आहे. मासिक वेतन म्हणजे ज्या मालकावर भरपाईची जबाबदारी येते त्याच्याकडची कमाई, असे त्यात धरले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला, पण वेतन मोजण्याची ही पद्धत तशीच राहिली. खेदाची गोष्ट अशी की इंग्लंडच्या १९०६ च्या कायद्यात याचे उत्तर होते. कामगार एकाच काळात दोन मालकांकडे करारावर काम करत असेल, तर दोन्हीकडची मजुरी मिळून भरपाई मोजावी, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. सतरा वर्षांनी त्याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानसाठी कायदा केला तेव्हा ही तरतूद त्यात आली नाही. स्वातंत्र्यानंतर आपणही ती आणली नाही.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली आहे. घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी परतताना झालेला अपघात, कामाशी संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच मानला जाईल. पण एका कामावरून थेट दुसऱ्या कामावर जाणाऱ्याचे काय? दुकानातून निघून ढाब्याकडे जाताना महामार्गावर ट्रकने उडवले, तर तो कुणाचा कामगार? संहिता घर आणि कामाची जागा एवढेच बोलते. मधल्या रस्त्याचे नाव घेत नाही.

ऊसतोडीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल त्या जोडीच्या नावाने मुकादमाच्या वहीत चढते. बाईची मजुरी किती, हे त्या वहीत वेगळे दिसतच नाही. उरलेले सहा महिने ती खुरपणी करते, कापूस वेचते, वीटभट्टीवर जाते. त्या कमाईचा तर कागदच नसतो. अपघात झाला की मुकादम कारखान्याकडे बोट दाखवतो आणि कारखाना मुकादमाकडे. वास्तविक ठेकेदाराच्या माणसांची भरपाई मूळ मालकाकडून मागण्याची सोय कायद्यात आहे. ती टोळीपर्यंत कुणी पोहोचवत नाही.

दुकानदार विचारील, मी ६,००० रुपये देतो, मग ढाब्याच्या ९,००० चा भार माझ्यावर का? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायद्याने दिले आहे. हमालाला रोज वेगळा मालक असतो, हे ओळखून मंडळे नेमली गेली. मालक मजुरीसोबत मंडळाकडे लेव्ही भरतात, आणि जिथे मजुरी मंडळामार्फत दिली जाते तिथे नुकसान भरपाईच्या कायद्यापुरते मंडळच मालक समजले जाते. भार एका दुकानदारावर पडत नाही आणि हमालालाही दारोदार फिरावे लागत नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ आहे आणि त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे धोरण ठरले आहे. त्याला भरपाईची अशीच जबाबदारी देणे अशक्य नाही.

आमची मागणी साधी आहे. अपघाताच्या वेळी कामगार जिथे जिथे राबत होता तिथली सगळी मजुरी धरून भरपाई मोजली जावी आणि वाढीव भार लेव्हीच्या निधीतून उचलला जावा. दोन कामांमधला रस्ता कामाचा भाग मानावा. बाईच्या कोयत्याची मजुरी तिच्या नावाने वेगळी लिहावी. ई-श्रमच्या नोंदणीत सरकार मुख्य व्यवसायाबरोबर दुय्यम व्यवसायही विचारते. सरकारला दुसरे काम माहीत आहे, मग भरपाई देताना त्याचा विसर का पडावा?

कायदा बदलेपर्यंत मोहल्ल्यातल्या, वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी एवढे करावे. दोन्ही कामांची मजुरी शक्यतो खात्यावर घ्यायला सांगावे. निदान हजेरीचे फोटो ठेवावेत. अपघात झाला तर दवाखान्याच्या कागदावर तो कोणत्या कामावर झाला हे लिहून घ्यावे. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा मार्ग आधी तपासावा. तिथे माणसाची सगळी कमाई मांडता येते, मात्र दोन्ही कायद्यांपैकी एकाच ठिकाणी दावा करता येतो आणि २०२२ पासून तिथली मुदत सहा महिन्यांची आहे. घाईघाईत कोऱ्या कागदावर अंगठा देऊन तडजोड करू नये.

माल उतरवताना तुटलेला हात ढाब्यावरही तुटलेलाच असतो. घरच्यांना हे पहिल्याच रात्री कळते. कायद्याला ते शंभर वर्षांनंतर तरी कळायला हवे.