भगरीचा डबा आणि आपली एकादशी

वारकरी माउलींनो, एकादशीच्या फराळातून गावात कुणाला उलट्या झाल्या, चक्कर आली, तर आपल्या तोंडून पहिले वाक्य निघते, "प्रसादानं कधी कुणाला काही होत नसतं." दुसरे वाक्य जरा हळू आवाजात निघते, "बाहेर बोलू नका, सप्त्याचं नाव खराब होईल." या दोन्ही वाक्यांविरुद्ध मला लिहायचे आहे. बीड जिल्ह्यात गावोगाव सप्ते होतात, नारायणगडाला आपण धाकटी पंढरी म्हणतो, आषाढीला पंढरीस जाणे जमले नाही तर गडावर जातो. एवढ्या मोठ्या भाविक मुलखात भगरीविषयी आपण इतके बेफिकीर का, हे मला कळत नाही.

६ फेब्रुवारी २०२४ रोजी षट्‌तिला एकादशी होती. आपल्याच मराठवाड्यात, नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात, कोष्ठवाडीला कीर्तनाच्या कार्यक्रमात फराळाचा प्रसाद वाटला गेला. तो खाऊन आसपासच्या गावांतले सुमारे २,००० लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना. कीर्तनाला आलेली माणसे होती ती, आपल्यासारखीच माळकरी. हे एकदाच घडले असते तर गोष्ट वेगळी. पण नवरात्र किंवा महाशिवरात्र जवळ आली की अन्न व औषध प्रशासनाला भगरीबद्दल सूचना काढावी लागते. ती वर्तमानपत्रात छापून येते आणि आपण त्याच कागदावर शेंगदाणे निवडतो.

त्या सूचनेत काय असते ते थोडक्यात सांगतो. भगरीला ओल लागली की तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते, आणि ती फ्युमिगाक्लेव्हीनसारखी विषद्रव्ये तयार करते. मळमळ, उलट्या, चक्कर ही त्याची लक्षणे. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमागच्या दमट, उबदार दिवसांत ही बुरशी जोर धरते, म्हणजे श्रावणापासून नवरात्रापर्यंत, जेव्हा आपले उपवास सर्वांत जास्त असतात. एकदा विष तयार झाले की ते शिजवल्याने जाईल या भरवशावर राहता येत नाही. धुऊन, उकळून, वरून तुळशीपत्र ठेवूनही नाही.

आता आपल्या घरातला भगरीचा डबा आठवा. बहुतेक घरांत तो सर्वांत वरच्या फळीवर, भिंतीला चिकटून असतो. रोजच्या लागणीचा नाही, म्हणून मागे सारलेला. त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, पत्र्याची एखादी जागा गळते. एकादशी आली की डबा खाली येतो, ओल्या हाताने ओली वाटी आत जाते, आणि उरलेली भगर पुढच्या पंधरवड्यापर्यंत तशीच राहते. नवी पुडी आणली की जुन्या भगरीवरच ओतली जाते, म्हणजे तळाची भगर कधी संपतच नाही. ज्वारीची कणगी आपण उन्हात वाळवलेल्या धान्यानेच भरतो, किडीसाठी कडुलिंबाचा पाला घालतो. पोटाच्या धान्याची एवढी काळजी, आणि व्रताच्या धान्याचा डबा वर्षभर घासलेला नाही. एकादशा वर्षाला २४, अधिक मास आला तर २६. तितक्या वेळा तो डबा उघडतो.

कुणी म्हणेल, आमच्या आजीच्या काळी हे काही नव्हते. आजी दुकानातून भगरीचे सुटे पीठ आणत नव्हती. वरई सालासकट असायची, लागेल तेवढी कांडायची आणि पाखडायची, त्याच दिवशी शिजवायची. साल निघाल्यावर धान्य लवकर बिघडते, आणि पीठ झाले की त्याहून लवकर, कारण पीठ ओल झटकन ओढून घेते. आज भगर गिरणीतून साफ होऊन येते. नाशिककडे तिच्या मोठ्या गिरण्या आहेत. तिथून आपल्या तालुक्याच्या किराण्यात, तिथून खेड्यातल्या दुकानात उघड्या पोत्यात. भाकरी थापायला सोपे जाते म्हणून आपण तयार पीठच मागतो. ते कधी दळले, कुठल्या जात्यावर, आधी त्यात काय दळले होते, हे दुकानदारालाही माहीत नसते. एकादशीला लसणाचा वास आला तरी व्रत मोडले म्हणून हळहळणारी माणसे आपण, आणि ज्या पिठाचा ठावठिकाणा नाही ते मात्र निमूट खातो.

मीराबाईंचा दाखला हमखास पुढे येतो. विषाचा प्याला अमृत झाला, मग प्रसादाची काय कथा! माउलींनो, तो प्याला मीराबाई स्वतः प्यायल्या. त्यांनी तो पंगतीत वाढला नाही. आपली श्रद्धा आपल्या पोटापुरती पणाला लावायची ज्याची तयारी आहे त्याने ती लावावी. शेजारच्या घरची पाच वर्षांची मुलगी आणि ऐंशी वर्षांची म्हातारी त्या पणात कुणी ओढली?

पंगतीचेच पाहा. सप्त्यात एकादशी आली की घरोघरून शिधा गोळा होतो. कुणी वाटीभर भगर देतो, कुणी शेर, कुणी पायलीभर. सगळी एका घमेल्यात. त्यात एखाद्याने मागच्या वर्षीची, कुबट वास येणारी, घरात नकोशी झालेली भगर "देवाला देऊन टाकू" म्हणून दिलेली असते. हे दान नव्हे, घर साफ करणे झाले. घरात ती चार माणसांना बाधली असती, कढईत गेल्यावर गावाला बाधते. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी पारखली, कोण पक्के कोण कच्चे, ही गोष्ट कीर्तनात ऐकताना आपण माना डोलावतो. मग गोळा झालेली भगर परातीत पसरून, हुंगून, पारखून घ्यायला चार माणसे का मिळत नाहीत? शिवाय सकाळी शिजलेली भगर झाकून ठेवायची आणि रात्री कीर्तन संपल्यावर वाढायची, ही वेगळीच चूक. कोमट अन्नात तासाभरात काय वाढते ते डोळ्यांना दिसत नाही. भगर नीट असली तरी अशी ठेवलेली घातकच. पंगत कीर्तनाआधी घ्या, नाहीतर शिजवायला उशिरा घ्या.

आणि हे सगळे वाचून घरातल्या बाईला "बघ गं डबा" असे सांगून मोकळे होऊ नका. गंगाखेड आपल्या परळीपासून फार लांब नाही. तिथल्या जनाबाईंबरोबर देव जात्यावर बसला, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. देवाला जात्याची लाज वाटली नाही आणि टाळकऱ्याला डबा घासायची लाज वाटते, हे कुठल्या संप्रदायात बसते? फळी भिंतीपासून सुटी करणे, गळका पत्रा बदलणे, ओल्या भिंतीला चुना देणे, ही कामे तर बहुतेक घरांत पुरुषांनीच करायची असतात, आणि तीच वर्षानुवर्षे राहून गेलेली असतात. दिंडीत शंभर माणसांचे पाणी वाहणारा हात घरच्या फळीपर्यंत पोहोचत नाही.

तेव्हा दशमीला एवढे करा. एकभुक्त झाल्यावर डबा खाली काढा, रिकामा करा, घासा, उन्हात पूर्ण कोरडा होऊ द्या. भगर अखंड आणा, बंद पुडीतली, तारीख पाहून, आणि एका एकादशीपुरतीच. निवडताना गाठी, जाळी, काळसर दाणे किंवा कुबट वास आढळला तर ती धुऊन वापरू नका, टाकून द्या. गुरांच्या दावणीतही टाकू नका. पीठ हवे असेल तर घरच्या मिक्सरवर तेवढ्यापुरते दळा. शिजवलेली भगर त्याच वेळी संपवा. खूप भगर आणि त्यावर शेंगदाण्याची दाट आमटी, असा फराळ रिकाम्या पोटाला जडही जातो. ज्यांना झेपते त्यांनी फळ, दूध, रताळे यांवर भागवावे.

सप्त्याच्या मंडळींना वेगळे सांगणे आहे. यंदा वर्गणीच्या वहीत एक पान शिध्यासाठी ठेवा. भगर कुणी दिली, कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेची, हे लिहून घ्या, आणि शिजवण्याआधी मूठभर भगर बाजूला काढून पुडीत बांधून ठेवा. कुणाला त्रास झालाच तर दवाखान्यात ती पुडी घेऊन जा, आणि लपवू नका. पहिल्या पाच माणसांना उलट्या झाल्याचे पंगत चालू असतानाच स्पीकरवरून सांगितले, तर उरलेली पाने तशीच उचलता येतात.